गोदाकाठी सुखाचा विचार



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पूर्ण होत आहेत. दिंडीचे मुक्काम, विणेकरी, अन्नदाते यांची माहिती या स्मरणिकेत इतरत्र येईलच. आम्ही इथं दुसऱ्याच गोष्टीचा इतिहास मांडतो आहोत. वाटेत भेटणारी शिकलीसवरलेली पोरं हमखास विचारतात, "पायाला फोड, डोक्यावर पाऊस, खायला पिठलं-भाकर, आणि म्हणता सुख! कशाचं सुख?" प्रश्न रास्त आहे, आणि तो आजचाही नाही. आपल्याच गोदाकाठी सातशे वर्षं त्याची उत्तरं दिली गेली आणि ती सगळी एकसारखी नाहीत.

अंकुशनगरहून गोदामाई जवळच. तिच्या वरच्या अंगाला पैठण, त्याच्या खाली माउलींचं आपेगाव, आणखी खाली जनाबाईंचं गंगाखेड. समर्थांचं जांब तर आपल्या जालना जिल्ह्यातलंच. सुखावर एवढा विचार झालेला मुलूख दुसरा दाखवा म्हटलं तर कठीणच.

माउलींपासून सुरुवात करू. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं, चार भावंडं पोरकी, वाळीत टाकलेली, शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढं उभी. ज्यांच्या वाट्याला लोकांनी सुख येऊ दिलं नाही, त्यांनी 1290 साली नेवाशाला गीतेवरची टीका पुरी केली आणि शेवटी मागणं मागितलं ते सगळ्या जिवांच्या सुखाचं. दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनातला वाकडेपणा जावा असं मागितलं. पसायदान आपण रोज म्हणतो, पण ते कोणी, काय सोसून म्हटलं हे विसरतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक सुख आधी विषासारखं लागतं आणि शेवटी अमृत होतं. राजस सुख आधी गोड, मागून कडू. तामस सुख आधीही भूल आणि शेवटीही भूल, ते झोपेतून, आळसातून येतं. आता आपल्या गावात बघा. कर्ज काढून डीजे लावून केलेलं लग्न हे राजस सुख, सावकार दारात येतो तेव्हा त्याची चव कळते. पारावर दिवसभर गुटखा चघळत बसणं तामस. आणि वारीचे पहिले चार दिवस? मांड्या भरून येतात, घरची आठवण येते, परत फिरावंसं वाटतं. पाचव्या दिवसापासून पाय आपोआप चालतात. गीतेनं सांगितलेलं ते विष-अमृत वारकऱ्याला पोथी न उघडता कळतं.

नाथमहाराजांकडे जरा जास्त थांबावं लागेल. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची टीका त्यांनी पैठणात सुरू केली आणि 1573 साली काशीत पुरी केली. त्यात पिंगळा आहे. रात्रभर दारात गिऱ्हाइकाची वाट बघून थकलेली ती गणिका, आशा सोडल्यावर सुखानं झोपली. आणि तेविसाव्या अध्यायात अवंतीचा कंजूष ब्राह्मण आहे. शेती-व्यापारात पैसा जोडला, पण पाहुण्याला घास नाही, घरच्यांना नाही, स्वतःच्या पोटालासुद्धा नाही. पैसा गेला, आप्तांनी पाठ फिरवली, मग तो भिक्षू झाला. लोक थुंकले, दगड मारले. तेव्हा त्याला उमगलं की सुखदुःख ना लोक देतात, ना ग्रह, ना काळ, ते मनच उभं करतं.

इथं आमचं मन अडतं. सगळं मनावरच असेल, तर उपाशी माणसाला सांगायचं काय? "मन आवर"? दुसऱ्याच्या दुःखावर वेदान्त सांगणं फार सोपं असतं. पण नाथांनी तसं केलं नाही. पितरांसाठी शिजवलेलं अन्न त्यांनी भुकेल्या महारांना वाढलं, काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, असं परंपरा सांगते. मनाचा सिद्धान्त त्यांनी स्वतःला लावला, दुसऱ्याला मात्र पान वाढलं. आमच्या मते नाथांची सगळी शिकवण या भेदात आहे.

चोखोबांची गोष्ट याच जागी सांगितली पाहिजे. देवळाच्या आत पाऊल नाही, आणि तरी विठ्ठलप्रेमाचा आनंद त्यांच्या अभंगांत ओसंडतो. पण तिथंच, त्याच अभंगांत, देवाला जाब विचारणंही आहे. आनंद पुढं करून जाब झाकणारे कीर्तनकार आम्ही ऐकले आहेत. तो दरवाजा उघडायला 1947 चा मे महिना उजाडावा लागला, साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. चोखोबा बाहेर सुखी होते, म्हणून बाहेर ठेवणारे निर्दोष ठरत नाहीत.

तुकोबांच्या समाधानाचंही असंच झालं आहे. आळशाला ते फार सोयीचं पडतं. वास्तविक 1630 च्या दुष्काळात तुकोबांची बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. म्हणजे समाधान आलं ते दुसऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरवून. अशा समाधानाला आळस कोण म्हणेल?

ग्रीसमध्ये एपिक्युरस नावाचा विचारवंत होऊन गेला, सव्वादोन हजार वर्षांमागे. अथेन्सजवळच्या बागेत साधं अन्न आणि मित्रांची संगत यात तो सुख मानायचा, त्याच्या मंडळीत बायका आणि गुलामही होते. देवाची मात्र त्याला गरज वाटली नाही. आपली पंगत त्याला आवडली असती, हरिपाठाला तो बसला असता की नाही, सांगता येत नाही! लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 मध्ये लिहिलेल्या गीतारहस्यात सुखदुःखविवेकाचं एक अख्खं प्रकरण आहे. पाश्चात्त्यांची मतं तपासून ते म्हणतात की इच्छा आणि कर्म मारून टाकायचं नाही, फळाची आसक्ती सोडायची. शेतकऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पेरणं त्याच्या हाती, पाऊस नाही.

समर्थ वारकरी संप्रदायाचे नव्हेत, पण आपल्या मातीतले. आधी प्रपंच नेटका करा, मग परमार्थ, हा त्यांचा आग्रह. आपल्या भागात तो पटायला वेळ लागला नाही. जायकवाडीचा डावा कालवा आला, ऊस आला, समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आमची दिंडी त्याच्याही आधीची. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं आज ट्रॅक्टरवर दिसतात, हे सुखच आहे, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. पण त्याच फडात थंडीत पहाटे कोयता घेऊन उतरणाऱ्या ऊसतोड जोडप्याचं लेकरू पाचटावर झोपलेलं असतं. पसायदानातले 'सगळे जीव' मोजताना ते लेकरू मोजलं जातं का?

आषाढीला गळीत हंगाम संपलेला असतो, म्हणून तोडकरीही वारीत भेटतात. अडचण पेरणीवाल्याची. मृग कोरडा गेला की त्याचा जीव वर टांगलेला. ओल झाली नाही तर तो निघत नाही, दिंडी गावातून निघते तेव्हा वेशीपर्यंत येतो, विणेकऱ्याच्या पाया पडतो, हातात नारळ देतो आणि म्हणतो, "माउली, पांडुरंगाला सांगा." परत आल्यावर त्याच्या घरी आधी बुक्का आणि लाह्यांचा प्रसाद जातो, मग आपल्या घरी.