मेरीची खोली

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सन यांनी १९८२ साली ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’तील लेखात जडवादाविरुद्ध केलेला युक्तिवाद. ‘ज्ञानाधारित युक्तिवाद’ हे त्याचे दुसरे नाव. जे आहे ते सारे भौतिकच, हा जडवादाचा दावा तो खोडून काढू पाहतो.

मेरी ही कल्पित शास्त्रज्ञ. तिचे सारे आयुष्य काळ्यापांढऱ्या खोलीत गेले. बाहेरचे जगही तिने कृष्णधवल पडद्यावरच पाहिलेले. तरी रंगदृष्टीविषयीचे भौतिक ज्ञान तिला संपूर्ण आहे : प्रकाशाच्या तरंगलांबीपासून, दृष्टिपटल आणि मेंदूतून जात, ‘लाल’ हा शब्द तोंडातून निघेपर्यंत काय काय घडते ते सगळे. एके दिवशी ती बाहेर पडते आणि पिकलेला टोमॅटो पाहते. तिला काही नवे कळते का? जॅक्सन म्हणतात, कळते. लाल दिसणे म्हणजे कसे असते ते. मग भौतिक ज्ञान पुरे होऊनही काही कळायचे उरले होते, आणि जडवाद खोटा ठरतो. (मूळ लेखात मेरीच्या आधी फ्रेड येतो. इतरांना एकसारखे लाल दिसणारे टोमॅटो तो दोन ढिगांत बिनचूक वेगळे करतो. मेरीपुढे तो बिचारा विसरला गेला.)

कल्पना अगदीच नवी नव्हती. अमोनियाची रचना जाणणाऱ्या, पण त्याचा वास कसा ते न जाणणाऱ्या देवदूताचे उदाहरण सी. डी. ब्रॉड यांनी १९२५ मध्येच दिले होते.

लॉरेन्स नेमिरॉ आणि डेव्हिड ल्यूइस यांच्या मते मेरीला नवी वस्तुस्थिती कळत नाही; लाल रंग ओळखण्याचे, मनात आणण्याचे कसब तेवढे लाभते. डॅनियल डेनेट तर म्हणतात की तिला नवल वाटणारच नाही. निळे रंगवलेले केळे पुढे केले तरी ती फसवणूक ओळखेल. उत्तर धाडसी आहे, पण ‘संपूर्ण ज्ञान’ या शब्दांचे वजन त्यात खरोखर पेललेले दिसते.

खरी भेग आतच होती. अनुभवाचे गुण भौतिक जगात काहीच घडवत नाहीत, असे जॅक्सन मानत. ध्रुवीय अस्वलाला उबेसाठी जाड कातडे मिळाले, त्यासोबत निरुपयोगी वजनही आले. तसेच हे गुण. पण मग टोमॅटो पाहून मेरी जे उद्गारेल, ते लाल दिसण्याच्या त्या अनुभवामुळे नव्हेच. तिला आधीपासून ठाऊक असलेल्या मज्जाव्यापारांमुळेच. ही अडचण जॅक्सन यांना अखेर पटली आणि १९९८ च्या सुमारास ते जडवादाकडे वळले. त्याआधी, १९९६ साली, डेव्हिड चामर्स यांनी ‘द कॉन्शस माइंड’मध्ये जडवादाविरुद्ध मेरीलाच पुढे केले होते.