आजीच्या घरातली वाटणी

फोंड्याच्या आमच्या घरी आजी रांधताना कोंकणी बोलायची आणि सोमवारी देवघरात बसली की शिवलीलामृताचा अकरावा अध्याय मराठीत वाचायची. रेजिदोराकडून, म्हणजे गावच्या पोर्तुगीज अमलदाराकडून, आलेले पोर्तुगीज कागद आजोबांच्या पेटीत तळाशी असत. ‘जेवपाक यो रे’ म्हणणारं तोंड पोथी उघडताच दुसऱ्या भाषेत शिरे, आणि आम्हा पोरांना त्यात नवल वाटत नसे.

ही वाटणी जुनी आहे. १५७९मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा सांगायला मराठी ओवी घेतली; त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. त्यानेच लोकांच्या तोंडच्या कोंकणीचं व्याकरणही लिहिलं. तो गेल्यावर, १६४०मध्ये, ते छापून निघालं.

१६८४मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावं. तीन वर्षांत! अंगाई कोणत्या भाषेत म्हणायची, हे आईला सांगणारं सरकार मला आजही सहन होत नाही. तिसवाडी, बारदेश, साष्टीने ते फर्मान सोसलं. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. तो त्यांच्या हाती पडला १७६३मध्ये. तोवर आमच्या देवळांतून मराठी पोथ्या-कीर्तनं मुरली होती. आजीच्या हाती पोथी आली ती त्या ऐंशीएक वर्षांच्या अंतरामुळे, असं मी मानतो.

१९६१मध्ये गोवा मुक्त झाल्यावर मात्र एकच भाषा निवडा, असा आग्रह सुरू झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, यावर १९६७च्या जानेवारीत कौल झाला आणि गोवा वेगळा राहिला. १९८७च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली. मराठीला सरकारी कामात वापरायची मुभा मिळाली. रोमी लिपीत कोंकणी लिहिणाऱ्यांना मात्र त्यात जागा नव्हती. तियात्र, म्हणजे आमची कोंकणी नाटकं, ज्या लिपीत लिहिली गेली, ती बाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

१९७१ची शिरगणती आठवते. ओसरीवर टेकलेल्या माणसाने विचारलं, “आवयभास खंयची?” मातृभाषा कोणती?

वडील कोंकणीतच म्हणाले, “मराठी बरय.” मराठी लिही.

त्याने तसं लिहून घेतलं. वडील खोटं बोलत नव्हते. सोमवार होता, आणि आतून आजीचा अध्याय ऐकू येत होता.