गोल्फच्या लोखंडी काठ्यांचे माप : 'प्रमाण' या कल्पनेचा एक इतिहास

गोल्फ या खेळाचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावांनी आणि स्पर्धांच्या वर्षांनी लिहिला जातो. खेळाडूच्या हाती असलेल्या साधनाकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच वळते. वस्तुतः काठीची लांबी किती असावी आणि तिचा दांडा जमिनीशी कोणता कोन करून उभा राहावा, या दोन वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नांच्या मागे यंत्रयुगातील एक मोठा प्रश्न दडलेला आहे. माप माणसाचे घ्यावयाचे की वस्तूचे, हा तो प्रश्न होय.

प्रथम संज्ञांचा खुलासा करणे इष्ट ठरेल. लोखंडी काठीच्या पात्याचा तळ जमिनीवर सपाट टेकला असता दांडा व जमीन यांमध्ये जो कोन होतो, त्यास 'लाय' असे नाव आहे. पाते मागे कललेले असते, त्या कलास 'लॉफ्ट' म्हणतात. लाय खेळाडूस अनुरूप नसेल, तर आघाताच्या क्षणी पात्याची टाच किंवा पुढचे टोक जमिनीपासून उचलले जाते आणि कललेला पृष्ठभाग एका बाजूस वळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत टोक वर राहिल्यास चेंडू डावीकडे व टाच वर राहिल्यास उजवीकडे जातो. या दोषाचे मान भूमितीने काढता येते. लॉफ्ट जितका अधिक, तितका दिशाभ्रंश अधिक. ४५ अंश लॉफ्टच्या आखूड काठीत लाय २ अंशांनी चुकली, तर पृष्ठभागाची दिशा सुमारे २ अंशांनी ढळते व १२० मीटर अंतरावर चेंडू ४ मीटरांहून अधिक बाजूस पडू शकतो. २२ अंश लॉफ्टच्या लांब काठीत तीच चूक १ अंशाहूनही कमी भरते. ज्या काठीकडून अचूकपणाची सर्वाधिक अपेक्षा असते, तिच्यातच हा दोष सर्वाधिक जाचक ठरतो.

लांबीचा प्रश्न याहून निराळा नाही. हातांची उंची कायम ठेवून काठी अर्धा इंच लांब केली, की दांडा अधिक आडवा धरावा लागतो व पात्याचे टोक वर येते. हा फरक ढोबळ मानाने एक अंशाचा असतो. म्हणून लांबी बदलून लाय तशीच ठेवणे म्हणजे एक दोष काढून दुसरा पदरात घेणे होय. शिवाय केवळ खेळाडूची उंची पाहून भागत नाही. उंच माणसाचे हातही लांब असल्यास त्याचे मनगट जमिनीपासून ठेंगण्या माणसाच्या मनगटाइतकेच असू शकते.

प्रारंभीच्या काळी हा प्रश्न प्रश्न म्हणून उभाच राहिला नाही. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने १५०२ मध्ये पर्थ येथील धनुष्ये करणाऱ्या कारागिराकडून काठ्या घेतल्या. सहाव्या जेम्सने १६०३ मध्ये विल्यम मेन या एडिंबरोच्या धनुष्यकारास राजघराण्याचा काठ्या करणारा म्हणून नेमले. धनुष्य ज्याप्रमाणे धनुर्धराच्या बाहूंस अनुसरून करावयाचे, त्याप्रमाणेच काठीही करावयाची, हे अशा कारागिरास वेगळे सांगावे लागत नसावे. पिसे भरलेल्या कातडी चेंडूच्या काळात लोखंडी काठ्या थोड्याच होत्या, कारण त्यांच्या घावाने चेंडू फाटे. १८४८ च्या सुमारास गट्टापर्चाचा चेंडू आला आणि लोखंडाचा वापर वाढला. मसलबरोचे कॅरिक बंधू, सेंट अँड्रूजचा टॉम स्टुअर्ट यांसारखे लोहार पात्यांवर स्वतःची खूण उमटवीत. अमेरिकेतून येणाऱ्या हिकरी लाकडाचा दांडा तासून बारीक करता येई, कापून आखूड करता येई, आणि मऊ लोखंडाची मान वाकवून लायही बदलता येई. अर्थात् हे सारे हाताच्या अंदाजाने चाले. त्यास शास्त्र म्हणता येणार नाही. परंतु करणारा आणि वापरणारा समोरासमोर उभे राहत, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

हा संबंध तुटला तो पोलादी दांड्याच्या आगमनाने. आर्थर नाइट या अमेरिकन अभियंत्याने १९१० मध्ये पोलादी नळीच्या दांड्याचे एकस्व मिळविले. अमेरिकेतील नियामक संस्थेने १९२० च्या दशकात अशा दांड्यांस मान्यता दिली व सेंट अँड्रूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १९२९ मध्ये तिचे अनुकरण केले. पुढच्याच वर्षी बॉबी जोन्सने हिकरीच्या काठ्यांनी एका वर्षात चार प्रमुख स्पर्धा जिंकल्या. हा जुन्या साधनाचा अखेरचा मोठा विजय म्हणता येईल, कारण १९३१ मध्ये बिली बर्कने पोलादी दांड्यांनी अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. पोलादी दांडे एकसारखे निघत, म्हणून क्रमांक घातलेले जुळे संच कारखान्यात तयार होऊ लागले. याच सुमारास रॉबर्ट ॲडम्स याने काठ्यांचा तोल मोजणारा तराजू बनविला. त्याच्या साहाय्याने संचातील प्रत्येक काठी झुलविताना सारखीच जड वाटेल, अशी व्यवस्था करता येऊ लागली. १९३८ मध्ये अमेरिकेत व १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये चौदा काठ्यांची मर्यादा घातली गेली आणि संच ही कल्पना नियमांतही स्थिरावली.

येथे एक सूक्ष्म स्थित्यंतर घडले. काठ्या परस्परांशी जुळविण्याची विद्या प्रगत झाली, परंतु त्या माणसाशी जुळविण्याची विद्या मागे पडली. प्रत्येक काठी आधीच्या काठीहून अर्धा इंच आखूड आणि किंचित अधिक उभी, ही मालिका 'प्रमाण' ठरली. हे प्रमाण मनुष्यदेहाच्या अभ्यासातून जितके निघाले, त्याहून अधिक ते उत्पादनाच्या सोयीतून निघाले. एकदा ते प्रमाण म्हणून रूढ झाल्यावर मात्र त्यात न बसणारा देहच सदोष मानला जाऊ लागला. चेंडू सतत डावीकडे जात असेल, तर खेळाडूने आपला फटका सुधारावा, असाच उपदेश त्याला मिळे.

या समजुतीस पद्धतशीर धक्का दिला तो नॉर्वेत जन्मलेल्या कार्स्टन सोल्हाइम याने. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील हा अभियंता वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गोल्फ खेळू लागला. १९५९ मध्ये त्याने 'पिंग' ही काठी बनविली व १९६७ मध्ये फीनिक्स येथे स्वतःची कंपनी स्थापन केली. मेणाचा नमुना वितळवून साच्यात धातू ओतण्याच्या पद्धतीने त्याने लोखंडी काठ्यांची पाती करविली. १९७० च्या दशकात त्याच्या कंपनीने लायचे प्रकार रंगीत ठिपक्यांनी दर्शविण्यास आरंभ केला. काळा ठिपका प्रमाण लायचा, लाल त्याहून आडव्या लायचा, निळा त्याहून उभ्या लायचा. खेळाडूची उंची व मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर या दोन मापांवरून ठिपका ठरे. ओतीव पद्धत ही घाऊक उत्पादनाची, तरीही तिच्याच आधारे वैयक्तिक माप पुन्हा शक्य झाले, ही ऐतिहासिक घटना लक्षणीय आहे.

स्थिर माप पुरेसे नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. पात्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या अक्षावर नसल्यामुळे वेगाने फिरताना दांडा वाकतो व टोक खाली झुकते. म्हणून तळास चिकटपट्टी लावून खेळाडूस कठीण फळीवरून चेंडू मारावयास सांगतात आणि पट्टीवरील ओरखडा कोठे उमटतो, यावरून लाय निश्चित करतात. ओरखडा टाचेकडे असल्यास लाय कमी करावी, टोकाकडे असल्यास वाढवावी.

तथापि या परीक्षेतही एक अडचण शिल्लक राहते. वर्षानुवर्षे चुकीच्या लायची काठी वापरणारा खेळाडू नकळत आपले हात, पाठ व गुडघे तिच्याशी जुळवून घेतो. त्याचा फटका मोजला, तर त्या मापात जुन्या काठीचीच छाया पडते. अशा वेळी जे माप हाती येते, ते माणसाचे की साधनाने घडविलेल्या सवयीचे, हे सांगणे कठीण आहे. ब्रायसन डिशँबो या खेळाडूने सर्व लोखंडी काठ्या ३७.५ इंच या एकाच लांबीच्या ठेवून २०१५ मध्ये अमेरिकन हौशी स्पर्धा आणि २०२० व २०२४ मध्ये अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. अर्ध्या इंचाची मालिका हीदेखील निसर्गनियम नसून एक रूढी आहे, एवढे त्यावरून निश्चित होते.

तात्पर्य, ज्यास प्रमाण म्हटले जाते, ते कोणी, केव्हा व कोणाच्या सोयीसाठी ठरविले, याचा शोध घेतल्यावाचून दोष खेळाडूच्या पदरी बांधणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरत नाही. कारखान्याच्या मापाने वावरणाऱ्या इतर साधनांच्या अभ्यासकासही हा धडा उपयोगी पडण्यासारखा आहे.