हाडाच्या मुठीचे जुने घडीचे चाकू : ओळख, कालनिश्चिती आणि संग्रह

प्रस्तावना

मानवाने घडविलेल्या सर्वांत जुन्या हत्यारांमध्ये चाकूचा समावेश होतो. तथापि तलवार, कट्यार, भाला या शस्त्रांना इतिहासलेखनात जे स्थान मिळाले, ते खिशात बाळगल्या जाणाऱ्या साध्या चाकूला मिळाले नाही. शेतकरी, खलाशी, गुराखी, कारकून अशा सामान्य माणसांच्या हातात तो आयुष्यभर राहिला, झिजला आणि बहुधा टाकून दिला गेला. त्याची नोंद दरबारी कागदपत्रांत फारशी होत नसे. म्हणूनच जे जुने चाकू आज शिल्लक आहेत, ते सामान्यांच्या भौतिक संस्कृतीचे आणि त्यांना घडविणाऱ्या अनाम कारागिरांचे महत्त्वाचे साधन ठरतात.

प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील शेफील्ड आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत तयार झालेल्या, हाडाच्या मुठीच्या घडीच्या चाकूंचा विचार केला आहे. असा चाकू ओळखताना संग्राहक प्रथम पात्यावरील शिक्का पाहतो आणि अनेकदा तेथेच थांबतो. परंतु शिक्का, मूठ आणि बांधणी या तीन पुराव्यांचा मेळ बसल्याशिवाय चाकूचा काळ निश्चित करता येत नाही, ही या लेखाची मुख्य मांडणी आहे.

घडीच्या चाकूची रचना

पुढील विवेचन समजण्यासाठी चाकूचे भाग लक्षात घेणे आवश्यक आहे. पात्याचा जो बोथट भाग मुठीत खिळ्यावर फिरतो, त्याला येथे पात्याचा बुंधा म्हटले आहे. कारखान्याचे नाव, चिन्ह व क्रमांक बहुधा या बुंध्यावर ठोकलेले असतात. पाते उघडे अथवा मिटलेले राहावे म्हणून मुठीच्या पाठीत पोलादी कमान असते. दोन्ही बाजूंना पितळेचे किंवा लोखंडाचे पातळ अस्तर, त्यावर हाडाच्या दोन पट्ट्या आणि मुठीच्या एका किंवा दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असतात. हे सर्व भाग आरपार ठोकलेल्या खिळ्यांनी एकत्र बांधले जातात. पाते उघडण्यासाठी त्यावर नख अडकविण्याची खाच असते. अनेक चाकूंच्या मुठीवर ढालीच्या आकाराची एक लहान धातूची पट्टीही बसविलेली आढळते.

शेफील्ड : कारागीर आणि चिन्हे

शेफील्डजवळच्या डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हलिन व लॉक्सली या नद्यांच्या प्रवाहावर चालणाऱ्या पाणचक्क्यांमुळे तेथे धार लावण्याचा व्यवसाय वाढला. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’ ही कारागिरांची संस्था स्थापन झाली. प्रत्येक कारागिराच्या चिन्हाची नोंद ठेवणे हे तिचे एक प्रमुख कार्य होते. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळविण्याची पद्धत विकसित केली आणि एकजिनसी, टिकाऊ पोलाद उपलब्ध झाले.

शेफील्डचा चाकू एका माणसाच्या हातचा क्वचितच असे. पाते घडविणारा, त्याला धार लावणारा आणि सर्व भाग जुळवून मूठ बसविणारा असे वेगवेगळे कारागीर त्यावर काम करीत. भाड्याच्या लहानशा जागेत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिरांना तेथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. कोरड्या सहाणचाकावर धार लावणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाची व धातूची धूळ साचून त्यांना अकाली मृत्यू येई. एकोणिसाव्या शतकातील शेफील्डच्या डॉक्टरांनी या आजाराविषयी लिहून ठेवले आहे. पात्यावर मात्र या कारागिरांचे नाव येत नसे; तेथे व्यापारी कंपनीचे नाव असे. शिक्का हा उत्पादनाचा संपूर्ण इतिहास सांगत नाही, हे येथूनच स्पष्ट होते.

या कंपन्यांमध्ये जोसेफ रॉजर्स अँड सन्स ही सर्वांत प्रसिद्ध होती. तारा आणि माल्टीज क्रूस हे तिचे चिन्ह १६८२ मध्ये नोंदविले गेले होते. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनासाठी तिने ७५ पात्यांचा ‘नॉरफोक चाकू’ तयार केला. दुसरी मोठी कंपनी जॉर्ज वोस्टेनहोम हिची. ‘आय*एक्सएल’ हे तिचे चिन्ह अमेरिकेत घरोघरी परिचित होते आणि तेथील ग्राहकवर्ग डोळ्यांसमोर ठेवून तिच्या कारखान्याला ‘वॉशिंग्टन वर्क्स’ असे नाव देण्यात आले होते.

जकात आणि अमेरिकी उद्योगाचा उदय

एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात अमेरिका ही शेफील्डची मोठी बाजारपेठ होती. न्यूयॉर्क राज्यातील वॉल्डन येथे न्यूयॉर्क नाइफ कंपनीसारखे स्थानिक कारखाने उभे राहिले, तरी आयात मालाशी स्पर्धा करणे त्यांना कठीण जाई. १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्याने ही परिस्थिती पालटली. आयात चाकूंवरील जकात वाढली आणि शेफील्डच्या निर्यातीला जबर धक्का बसला. याच कायद्याने आयात वस्तूवर मूळ देशाचे नाव असणे १८९१ पासून बंधनकारक केले.

जकातीच्या संरक्षणाखाली अमेरिकी उद्योग विस्तारला. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड येथे १९०५ मध्ये डब्ल्यू. आर. केस अँड सन्स ही कंपनी स्थिरावली. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांची मागणी घटल्यावर रेमिंग्टन कंपनी चाकूंकडे वळली आणि सुमारे १९२० ते १९४० या काळात तिने मोठ्या संख्येने चाकू तयार केले. संग्राहकांचे सर्वाधिक लक्ष आज याच दोन कंपन्यांच्या जुन्या चाकूंकडे असते.

मुठीचे हाड : द्रव्य आणि परीक्षा

चाकूच्या मुठीसाठी हस्तिदंत, शिंपला, हरणाचे शिंग, लाकूड आणि हाड ही द्रव्ये वापरली जात. शिंगांमध्ये भारतातील सांबरशिंग शेफील्डच्या कारागिरांना विशेष पसंत होते. ते महाग पडे आणि त्याचा पुरवठाही मर्यादित असे. गुरांच्या नळीचे जाड हाड मात्र खाटीकखान्यातून स्वस्तात मिळे. या हाडाच्या पट्ट्या कापून, त्यांवर ओळीने खाचा पाडून व रंगवून शिंगाच्या खडबडीत पृष्ठभागाचा आभास निर्माण केला जाई. हाडाची खाचदार मूठ ही अशा प्रकारे मुळात शिंगाची स्वस्त नक्कल होती. पुढे तीच स्वतंत्र शैली म्हणून मान्यता पावली आणि विसाव्या शतकात प्लॅस्टिकमध्ये तिची नक्कल होऊ लागली. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारताने सांबरशिंगाच्या निर्यातीवर बंदी घातल्यानंतर मूळ द्रव्यच दुर्मीळ झाले.

हाड ओळखण्यासाठी भिंगाखाली निरीक्षण करणे ही सर्वांत सुरक्षित पद्धत होय. हाडात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नलिका असतात. पट्टीच्या लांबीत त्या बारीक गडद रेषांसारख्या आणि कापलेल्या टोकाशी ठिपक्यांसारख्या दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर परस्परांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडात ती नसते. हा भेद आता केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये हस्तिदंताच्या व्यापारावर कडक निर्बंध घालणारा २०१८ चा कायदा २०२२ मध्ये अमलात आला. त्यामुळे जुन्या चाकूची मूठ हाडाची की हस्तिदंताची, यावर त्याची विक्री कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरू शकते.

प्लॅस्टिकच्या मुठीत नलिकांच्या रेषा नसतात आणि दोन्ही बाजूंच्या खाचा साच्यातून काढल्याप्रमाणे एकसारख्या असतात. हाडाचा रंग खाचांच्या तळाशी व कडांवर कमीअधिक दिसतो. खिळ्यांभोवती बारीक तडेही आढळतात. तापलेली सुई टोचून पाहण्याची जुनी परीक्षा मात्र टाळली पाहिजे. तिने वस्तूला कायमची इजा होते. शिवाय मूठ सेल्युलॉइडची असल्यास ती पेट घेऊ शकते.

कालनिश्चितीची साधने आणि त्यांच्या मर्यादा

शेफील्डच्या अनेक चाकूंवर राजचिन्हाबरोबर सत्ताधीशाची आद्याक्षरे असतात. ‘व्ही. आर.’ ही अक्षरे राणी व्हिक्टोरियाचा काळ (१८३७–१९०१) दर्शवितात. ‘जी. आर.’ ही अक्षरे मात्र चौथ्या जॉर्जच्या (१८२०–१८३०) तसेच पाचव्या व सहाव्या जॉर्जच्या (१९१०–१९५२, १९३६ मधील अल्पकाळ वगळता) कारकिर्दीत येतात. या दोन काळांत सुमारे ८० वर्षांचे अंतर आहे. अशा वेळी निर्णय अक्षरांवरून नव्हे, तर अस्तर, टोप्या व खिळे यांच्या घडणीवरून घ्यावा लागतो.

देशाच्या नावाचेही तसेच आहे. बुंध्यावर ‘इंग्लंड’ हा शब्द असल्यास चाकू बहुधा १८९१ नंतरचा असतो. याचा व्यत्यास मात्र खरा नाही. अमेरिकेसाठी न बनविलेल्या चाकूवर देशाचे नाव नसणे शक्य असल्यामुळे केवळ तेवढ्यावरून तो १८९१ पूर्वीचा ठरत नाही. पाते गंजरोधक पोलादाचे असेल, तर तो चाकू किंवा निदान ते पाते हॅरी ब्रेअरली याच्या १९१३ मधील शेफील्ड येथील संशोधनानंतरचे असते.

अमेरिकी चाकूंवरील क्रमांकपद्धती अधिक सोयीची आहे. रेमिंग्टनच्या क्रमांकातील शेवटचा अंक मुठीचे द्रव्य सांगतो आणि ३ हा अंक हाडाचा निदर्शक आहे. केस कंपनीच्या क्रमांकात पहिला अंक मुठीचा व दुसरा पात्यांच्या संख्येचा असतो. उदाहरणार्थ, ६२५४ या क्रमांकात ६ म्हणजे हाड, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ म्हणजे चाकूचा नमुना. केसच्या शिक्क्यांचा कालक्रमही ज्ञात आहे. ‘केस टेस्टेड एक्सएक्स’ हा शिक्का साधारणतः १९२० ते १९४० या काळातला, ‘केस एक्सएक्स’ १९४० ते १९६४ मधला, तर ‘केस एक्सएक्स यू. एस. ए.’ १९६५ ते १९६९ मधला आहे. १९७० मध्ये शिक्क्याखाली दहा टिंबे देण्यात आली आणि पुढे दरवर्षी एक टिंब कमी करण्यात आले. त्यानुसार सात टिंबांचा चाकू १९७३ चा ठरतो.

ही पद्धतही निर्णायक मानता येत नाही. केसने हाडासारख्या दिसणाऱ्या काही कृत्रिम मुठींसाठीही ६ हाच अंक वापरला. रेमिंग्टनचा ‘आर ११२३’ हा गाजलेला नमुना १९८२ मध्ये त्याच क्रमांकाने पुन्हा बाजारात आला. शेफील्डमध्ये रॉजर्स कंपनीने १९७१ मध्ये वोस्टेनहोम विकत घेतली आणि पुढे ही दोन्ही नावे तिसऱ्या मालकाकडे गेली. कारखाना बंद पडला तरी त्याचे नाव विकले जाते आणि नव्या पात्यावर उमटते.

बनावट चाकू आणि जतनाचा प्रश्न

जुन्या चाकूंना किंमत येऊ लागल्यावर बनावटीचे प्रकारही वाढले. जुन्या नावाचा नवा शिक्का ठोकणे, तुटलेल्या चाकूंचे भाग जुळवून एक चाकू तयार करणे, नवे हाड रंगवून जुने भासविणे हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. ते ओळखण्यासाठी झिजेची सुसंगती तपासावी लागते. वर्षानुवर्षे वापरलेल्या चाकूत पाते, टोप्या आणि हाडावरील खाचा साधारण सारख्याच प्रमाणात झिजतात. पाते धार लावून अर्धे उरले असताना मुठीच्या खाचा धारदार असतील, किंवा मूठ गुळगुळीत असताना शिक्का कोरा करकरीत असेल, तर संशयास जागा आहे. खिळ्यांची डोकी अलीकडे ठोकलेली दिसणे हीसुद्धा एक खूण होय.

अज्ञानातून केलेली स्वच्छता बनावटीइतकीच हानिकारक ठरते. चकाकी आणण्यासाठी पाते फिरत्या चाकावर घासले की बुंध्यावरील अक्षरे पुसट होतात, सहाणेच्या मूळ रेषा नाहीशा होतात आणि हाडाच्या खाचांच्या कडाही बोथट होतात. एकदा नाहीसा झालेला हा पुरावा परत मिळत नाही. म्हणून सैल गंज मऊ कापडाने व थोड्या तेलाने काढणे, सांध्यात तेलाचा एखादा थेंब सोडणे आणि चाकू कोरड्या जागी ठेवणे एवढेच उपाय योग्य होत. चामड्याच्या म्यानात चाकू दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते व ते कमावण्यासाठी वापरलेली द्रव्ये धातूला गंज आणतात. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू तर इतरांपासून वेगळेच ठेवावेत. ते द्रव्य विघटित होताना बाहेर पडणारे आम्लयुक्त वायू शेजारच्या पात्यांनाही गंजवितात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. पात्यावरील शिक्का ही ओळखीची पहिली पायरी आहे. तो व्यापारी नावाचा पुरावा असून काळाचा किंवा कारागिराचा निर्णायक पुरावा नाही.

२. हाडाच्या मुठीचा इतिहास हा सांबरशिंग, हाड आणि प्लॅस्टिक अशा क्रमाने झालेल्या नकलेचा इतिहास आहे. त्यामुळे द्रव्याची परीक्षा कालनिश्चितीशी थेट जोडलेली आहे.

३. जकात, व्यापारचिन्हांची नोंदणी आणि कंपन्यांची खरेदी-विक्री या आर्थिक घटनांच्या खुणा चाकूच्या अंगावर उमटलेल्या असतात. आर्थिक इतिहासाच्या जाणकारीशिवाय त्या वाचता येत नाहीत.

४. संग्राहकाचे पहिले कर्तव्य वस्तू चकचकीत करणे हे नसून तिच्यावरील खुणा जपणे हे आहे.

ज्या कारागिरांनी धुळीने भरलेल्या खोल्यांत हे चाकू घडविले, त्यांपैकी बहुसंख्यांची नावे कोणत्याही पात्यावर नाहीत. त्यांच्या हाताची खूण उरली आहे ती हाडावरील खाचांत, ठोकलेल्या खिळ्यांत आणि सहाणेच्या रेषांत. शिक्क्यापलीकडे जाऊन चाकू तपासण्याची सवय लागली, तरच या साध्या वस्तूतील तो इतिहास पुढील पिढ्यांच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचेल.