डावाचा अभ्यास, बुद्धिबळातील (मुंबई)

खेळलेला डाव नोंदीवरून पुन्हा पटावर मांडून चुका व पर्याय तपासण्याची पद्धत. स्पर्धेत खेळ्या लिहिणे बंधनकारक असल्याने साधन खेळाडूच्या हातीच असते. डाव संपल्यावर दोघा प्रतिस्पर्ध्यांनी मिळून केलेल्या चिकित्सेला ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतात.

पूर्वपीठिका : त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर मुंबईत १८१४ मध्ये छापले गेले. त्याचा भर निवडक स्थितींवर आहे, प्रारंभावर नाही. देशी खेळात प्यादे एकच घर चाले, किल्लेकोट नसे, राजाला एकदा घोड्याची उडी मिळे. तपशिलांत प्रांतोप्रांती फरक होते. अशा खेळात ई४ ला दोन खेळ्या लागत, त्यामुळे युरोपीय पुस्तकांतले प्रारंभ जसेच्या तसे वापरता येत नसत.

प्रारंभ : १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ हा इटालियन प्रारंभ. उंटाचा रोख एफ७ वर असतो. त्या घराला राखण एकट्या राजाची. हे उमगल्याशिवाय पुढच्या दहा खेळ्या पाठ करण्यात अर्थ नाही, तरी बहुतेकांचा अभ्यास पाठांतरावरच थांबतो. प्रारंभांच्या कोशातील वर्गीकरणात या प्रारंभाचे क्रमांक सी५० पासून सुरू होतात.

खाडिलकर भगिनी : वासंती, जयश्री व रोहिणी या गिरगावातील ‘नवाकाळ’ दैनिकाचे माजी संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या कन्या. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली. पहिल्या दशकात हे विजेतेपद खाडिलकरांच्या घरीच फिरत राहिले. रोहिणीने ते पाच वेळा मिळवले. १९७६ मध्ये ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिने हरवलेल्या राज्यविजेत्यांत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे होते. १९५५ मध्ये एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे ते डी. वेंकय्यांसह संयुक्त विजेते. तिच्या सहभागावरून वाद झाला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूव्हे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. १९८१ मध्ये हैदराबादला ती आशियाई विजेती झाली. पुरुषांशी खेळलेले तिचे डाव अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे.

इतर : प्रवीण ठिपसे, सात वेळा राष्ट्रीय विजेते, १९९७ मध्ये ग्रँडमास्टर (भारताचे तिसरे). भाग्यश्री साठे-ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या.

संगणक : इंजिनामुळे चूक क्षणात सापडते, तिचे कारण मात्र खेळाडूलाच शोधावे लागते.