आचंद्रार्क आणि १२० सेकंद

वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथे १९३९ साली उजेडात आला. वंशावळ संस्कृतात, दानाचा व्यवहार प्राकृतात. दान दिलेले गाव नांदीकटाच्या उत्तर 'मार्गा'त होते. मार्ग हा शब्द तेथे प्रशासकीय विभागासाठी येतो. अशा दानांची रूढ मुदत 'आचंद्रार्क'. राजा गेला तरी भोवतालच्यांनी जुनी नोंद मानायची.

वाशिमहून पाठवलेला एखादा निबंध आज पुण्याला पोचतो तोही मानलेल्या नोंदींवरच. राउटर नावाची यंत्रे परस्परांना 'या पत्त्याची वाट माझ्याकडून जाते' असे कळवत असतात. मोठ्या जाळ्यांमधली ही बोली, बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, १९८९ साली कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर यांनी जेवताना कागदी रुमालांवर आखली. तिच्यात एक निष्ठुरपणा होता. संभाषण तुटले की शेजाऱ्याने सांगितलेल्या साऱ्या वाटा तत्काळ रद्द! वस्तुतः पुष्कळदा राउटरचे वाटा ठरवणारे 'डोके' तेवढे नव्याने सुरू होत असे; मजकूर पुढे सरकवणारे 'हात' चालूच असत. तरीही वाट बुडाल्याचा बोभाटा दूरवर होई, आणि लगेच ती सापडल्याचाही.

यावरचा उपाय म्हणजे 'ग्रेसफुल रिस्टार्ट'. ओएसपीएफ या दुसऱ्या बोलीसाठी तो नोव्हेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, बॉर्डर गेटवेसाठी जानेवारी २००७ मध्ये. दोन्ही शेजारी संभाषणाच्या आरंभीच आपली तयारी जाहीर करतात. मग एक गप्प झाला, तर दुसरा त्याच्या वाटा 'शिळ्या' अशी खूण करून वापरत राहतो. परतलेल्याने 'माझ्या हातांनी नोंदी जपल्या नाहीत' असे सूचित केले तर त्या लगेच पुसायच्या. जपल्या असतील, तर त्याने वाटा पुन्हा सांगाव्यात, शेवटी 'संपले' म्हणावे. तोवर जी वाट पुन्हा आली नाही ती गळते.

राउटरवर हे चालू करायला आज्ञेची एखादी ओळ पुरते. खरा प्रश्न मुदतीचा. सिस्कोच्या राउटरवर परतण्यासाठी मूळ मुदत १२० सेकंदांची, शिळ्या वाटांसाठी ३६० सेकंदांची. पण गप्प झालेल्याचे हातही निकामी झाले असतील, तर तेवढा वेळ सारा मजकूर विहिरीत पडत राहतो, आणि कोणाला पत्ता लागत नाही. एकाच तारेवर टांगलेल्या तालुक्याच्या गावी ही मुदत लांब असली तरी बिघडत नाही. पर्यायी वाटच नसते. जिथे दुसरी वाट आहे तिथे ती आखूड ठेवावी हे बरे. तिथे मेलेल्या नोंदीशी इमान राखणे म्हणजे जिवंत वाट अडवून धरणे.