समासातील शेरा

करी रोड स्थानकाच्या पुलावरून सभोवार नजर टाकली असता आज जेथे उत्तुंग इमारती दिसतात, तेथे एके काळी गिरण्यांची धुराडी दिसत असत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांतील बहुतेक हळूहळू थंडावली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु हा मुलूख केवळ मागांचा आणि मोर्चांचा नव्हता. दिवसभर यंत्रापुढे उभे राहून रात्री पाटी-वहीपुढे बसणाऱ्या माणसांचाही तो होता. त्या वह्यांच्या समासात गुरुजी जे दोन शब्द लिहीत, त्यांचा विचार मात्र क्वचितच होतो.

अशा शब्दांस आपण 'शेरा' म्हणतो. हा शब्द विद्येच्या घरचा नव्हे, कचेरीतला आहे. अर्जाच्या तळाशी किंवा तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात अंमलदार लिहितो तो शेरा. त्याला उत्तर नसते; तो निकालच असतो. शब्दाबरोबर कचेरीचा सूरही आमच्या शाळांत शिरला असावा, असे आम्हांस वाटते.

या सुराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या विद्यार्थिदशेतले होय. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन आणि १८६२ साली पहिली बी. ए. परीक्षा झाली, दोहोंतही रानडे उत्तीर्ण झाले. त्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्याची मराठेशाहीशी तुलना करून नव्या राज्यास उणेपणा दिला. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्याबद्दल त्यांची कानउघाडणी केली, इतकेच नव्हे तर सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती बंद ठेविली, असे चरित्रकार सांगतात. याच ग्रँटसाहेबांस रानड्यांच्या बुद्धीचे मोठे कौतुक होते, हेही तेच सांगतात. म्हणजे दोष भाषेत नव्हता की तर्कात नव्हता. शिक्षा झाली ती मताला. रानड्यांनी गुरूविषयी मनात अढी धरली नाही, आणि १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहून आपला विषय पुरा केला.

ही कथा सांगून पुष्कळ लोक असे अनुमान काढतात की, कठोर बोलाने माणूस घडतो. आमच्या मते हे अनुमान फसवे आहे. जो घडला त्याचे चरित्र लिहिले जाते. जो वही मिटून निघून गेला, त्याचे नाव हजेरीपटावरूनही पुसले जाते. मग साक्ष कोणाची घ्यावयाची?

ही साक्ष रात्रशाळेत शोधावी लागते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास १८५५ साली शेतकरी व कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली, आणि लीगने गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये चालविली. जोशी स्वतः काही वर्षे शिक्षक होते. त्याच १९११ सालच्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुषाचा कामाचा दिवस बारा तासांवर आणला. बारा तास, हा तर सुधारलेला दिवस! तो पुरा करून जो माणूस वर्गात येई, त्याला तेथे बांधून ठेवणारे ना बापाचा धाक ना सरकारची सक्ती. तो येई तो आपल्या इच्छेने, आणि एका बोचऱ्या शब्दाने ती इच्छा मोडली तर परत येत नसे.

येथे आम्हांस आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी करी रोडच्या चाळीतून येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या निबंधावर आम्ही तांबड्या शाईने 'हलगर्जीपणा' एवढाच शब्द लिहिला. ओळी वाकड्या होत्या, वाक्ये अर्धवट सुटली होती. तो रात्रपाळीस पहारा करून सकाळी तसाच वर्गात येत असे, हे आम्हांस मागाहून कळले. त्याने पुन्हा आम्हांस वही दाखविली नाही. त्याचे लेखन सदोष होते यात शंका नाही. परंतु आम्ही दोष दाखविलाच नव्हता. त्याच्या स्वभावाविषयी निकाल दिला होता, आणि तोही खोटा.

मग चुकांकडे डोळेझाक करावी काय? मुळीच नाही. उगाच 'छान' लिहून वही परत करणे ही तर निराळ्या तऱ्हेची उपेक्षा आहे. 'या वाक्याचा कर्ता कोठे गेला?' असे विचारणारा शेरा कमी कडक नसतो. पण तो विद्यार्थ्यास वहीकडे परत पाठवितो. आमच्या शेऱ्याने त्या मुलास दाराकडे पाठविले. हल्ली आम्ही शेरा लिहिल्यावर तो एकदा रात्रपाळीहून आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी वाचून पाहतो, आणि पुष्कळदा तो खोडून पुन्हा लिहावा लागतो.